ईटीपीचं मीटर रात्री फिरतं का?

(दृश्य : एका कारखान्याचं मागचं कुंपण. तपकिरी पाण्याचा हौद, वर फेस. ब्लोअरची घरघर ऐकू येत राहते.)

कारखान्याच्या मागच्या बाजूला, पाहुण्यांना सहसा नेत नाहीत अशा कोपऱ्यात, हा हौद असतो. मराठवाड्यात वाळूज असो, चिकलठाणा असो, शेंद्रा असो की पैठण, जिथं सांडपाणी निघतं तिथं ते शुद्ध करायची सोय असावीच लागते. सगळे तिला ईटीपी म्हणतात.

सकाळी ऑपरेटर येतो, एक लिटरचं मोजपात्र या पाण्यानं भरतो आणि कट्ट्यावर ठेवून देतो. अर्धा तास त्याला हात लावायचा नाही. गाळ हळूहळू खाली बसतो, वरचं पाणी नितळत जातं. गाळ दोन-तीनशे मिलिलिटरच्या खुणेपाशी थांबला की ऑपरेटर निश्चिंत होतो आणि रजिस्टरमध्ये आकडा लिहितो. हा गाळ जिवंत असतो. त्यातले जिवाणू सांडपाण्यातली घाण खातात आणि त्यांना चोवीस तास हवा लागते. ब्लोअर एक-दोन दिवस बंद राहिला, तर हौद काळा पडायला लागतो, सडका वास सुटतो. मेलेले जिवाणू पुन्हा वाढवायला काही आठवडे जातात.

म्हणून इथं ऐनवेळी बटण दाबून भागत नाही. साहेब तपासणीला निघाल्याचं कळल्यावर ब्लोअर सुरू केला, तरी मोजपात्रातला गाळ खरं ते सांगतोच.

आता खर्चाकडे बघा. ब्लोअरची वीज, रसायनं, गाळाची विल्हेवाट, तीन पाळ्यांची माणसं. एवढं करून विकायला माल मात्र एक किलोही निघत नाही. मग कंपन्या हे करतात तरी कशासाठी? आणि ज्या करत नाहीत, त्या का करत नाहीत?

(दृश्य : सरकारी फायलींचा गठ्ठा, शिक्के.)

पहिलं उत्तर कायद्याचं. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ 1970 सालचं. 1974 मध्ये पाण्यासाठी केंद्राचा कायदा आला, 1981 मध्ये हवेसाठी. 1984 च्या डिसेंबरात भोपाळ घडलं आणि त्यानंतर 1986 चा पर्यावरण संरक्षण कायदा झाला. त्यात पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद होती. 2023 च्या जनविश्वास कायद्यानं मूळ उल्लंघनासाठीची ती कैद काढली आणि तिच्या जागी 10 हजार ते 15 लाख रुपयांचा दंड आणला.

पण मराठवाड्यात आठ जिल्हे, कारखाने विखुरलेले आणि तपासणारे अधिकारी मोजके. पकडलं जाण्याची शक्यता कमी, पकडलं गेलं तरी मोठ्या कंपनीला दंड परवडण्यासारखा. निव्वळ हिशेब मांडला, तर नियम मोडणंच स्वस्त पडावं. तरीही बरेच कारखाने नियम पाळतात. विन्स्टन हॅरिंग्टन या अमेरिकी अर्थतज्ज्ञानं 1988 मध्ये नेमकं हेच कोडं मांडलं होतं : तपासणी क्वचित होते, दंड किरकोळ असतो, तरी इतक्या कंपन्या नियम का पाळतात?

आमच्या मते मराठवाड्यापुरतं याचं उत्तर असं : कारखानदार दंडाला फारसा भीत नाही, तो काम थांबण्याला भितो.

(दृश्य : गाळप हंगाम. गव्हाणीसमोर उसाच्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टरची रांग.)

साखर कारखाना घ्या. दिवाळीच्या आगेमागे मोळी टाकली जाते आणि पुढच्या चार-पाच महिन्यांत वर्षाची कमाई करायची असते. पाणी कायद्याचं कलम 33-अ मंडळाला मोठा अधिकार देतं. कारखाना बंद करा, वीज तोडा, पाणी तोडा, असा आदेश मंडळ देऊ शकतं. पावसाळ्यात असा आदेश आला तर तो फाईलला लागतो. जानेवारीत आला तर? तोडलेला ऊस फडात वाळायला लागतो. वजन घटतं, उतारा पडतो. ऊसतोडीच्या टोळ्या बसून राहतात. बीडच्या धारूर-वडवणीकडून आलेल्या जोडप्यांनी मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती ऊस तोडल्याशिवाय फिटत नाही. सभासद शेतकरी चेअरमनच्या दारात येऊन उभा राहतो. आठ दिवसांच्या अशा बंदीपुढे 15 लाखांचा दंड काहीच नाही.

दुसरा आकडाही कारखान्यात सगळ्यांना माहीत असतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सूत्रानुसार पर्यावरणीय भरपाई दिवसावर मोजतात. लाल, म्हणजे सर्वांत प्रदूषक, वर्गातला मोठा उद्योग असेल, तर नेहमीच्या दरानं ती दिवसाला 30 हजारांच्या घरात जाते. 100 दिवस दुर्लक्ष केलं की 30 लाख. उल्लंघन जितकं लांबेल तितका आकडा चढतो, म्हणून तो एकदाच भरायच्या दंडापेक्षा जास्त टोचतो. त्यात 22 फेब्रुवारी 2017 ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की चालू अवस्थेतली शुद्धीकरण यंत्रणा नसेल, तर तीन महिन्यांच्या नोटिशीनंतर त्या उद्योगाची वीज तोडा. न्यायालयाचा भर चालू यंत्रणेवर होता. बांधून ठेवलेला हौद त्यात बसत नाही.

(दृश्य : छोटं प्लेटिंग वर्कशॉप. पिवळसर पाण्याच्या टाक्या, हुकाला लटकलेले सुटे भाग.)

छोट्या कारखान्यांची गोष्ट वेगळी आहे. बजाजचा वाळूजचा कारखाना 1985 मध्ये सुरू झाला आणि आजूबाजूला सुट्या भागांचे शेकडो जॉबवर्कवाले उभे राहिले. त्यातला एखादा क्रोम प्लेटिंग करतो. त्यात वापरलं जाणारं षट्संयोजी क्रोमियम हे विष आहे. नदीनाल्यात सोडायच्या पाण्यात लिटरमागे 0.1 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ते चालत नाही. एवढ्याशा वर्कशॉपकडे मंडळाचा माणूस किती वेळा जाणार? पण त्याच्याकडे खरेदीदाराचा माणूस जातो. वाहन कंपनीच्या व्हेंडर ऑडिटमध्ये, म्हणजे पुरवठादारांच्या तपासणीत, मंडळाचं संमतीपत्र, म्हणजे कन्सेंट, मागतात. बँक कर्ज देताना तेच मागते. औषध कंपनी असेल, तर परदेशी ग्राहक ईटीपीपर्यंत चालत येतो. शेअर बाजारातल्या पहिल्या हजार कंपन्यांना 2022-23 पासून पर्यावरणाचा तपशील सेबीला, म्हणजे बाजाराच्या नियामकाला, द्यावा लागतो, आणि तो भरायला त्या आपल्या पुरवठादारांकडेही विचारणा करतात. कन्सेंटची मुदत संपली की ऑर्डर अडते, आणि ऑर्डर अडली की मालक स्वतःहून सल्लागाराला फोन करतो.

छोट्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट राहून जाते. अनेकांना नियम नीट माहीतच नसतो. कोणती टाकी, कोणतं रसायन, गाळ कुठं पाठवायचा, हे कुणीतरी बसून समजावून सांगितलं तर त्यातले बरेच जण करतात. नोटीस धाडण्यापेक्षा हे काम वेळखाऊ आहे, पण टिकतं तेच.

(दृश्य : विहीर. पोहऱ्यातून काढलेलं पाणी काचेच्या बाटलीत भरलं जातं. रंग गडद तांबूस.)

आणि मग शिवार.

डिस्टिलरीत एक लिटर अल्कोहोलमागे आठ ते पंधरा लिटर स्पेंट वॉश निघतो. गावात त्याला मळीचं पाणी म्हणतात. त्याचा बीओडी, म्हणजे ते कुजताना पाण्यातला किती प्राणवायू ओढून घेईल त्याचं माप, लिटरमागे 40-50 हजार मिलिग्रॅम असतं. नदीत सोडायच्या पाण्याला मर्यादा आहे 30 ची. हा फरक ध्यानात घेतला की एक फुटलेला पाट मासे का मारतो ते कळतं.

आपल्याकडचा खडक काळा बसाल्ट आहे. तो आत पाणी फारसं धरत नाही, पण त्याला भेगा असतात आणि त्या भेगांतून पाणी लांबवर जातं. अस्तर नसलेल्या लगूनमध्ये, म्हणजे तळ्यात, साठवलेलं मळीचं पाणी असंच खाली झिरपतं आणि ओढ्यापलीकडच्या विहिरीत निघतं. विहिरीचं पाणी कोऱ्या चहासारखं दिसायला लागतं. जनावर तोंड लावत नाही, मोटारीला फेस येतो, जमीन चोपण होते. शेतकरी बाटली भरून तहसीलला नेतो, मग मंडळाच्या कार्यालयात, मग जमलं तर औरंगाबाद खंडपीठात. पुण्याला राष्ट्रीय हरित लवादाचं पीठही आहे.

हे होऊ नये म्हणूनच मळीच्या डिस्टिलऱ्यांना थेंबभर पाणीही बाहेर न सोडण्याची अट आली. स्पेंट वॉश आटवायचा, बॉयलरमध्ये जाळायचा किंवा प्रेसमडमध्ये, म्हणजे उसाचा रस गाळल्यावर उरणाऱ्या चोथ्यात, मिसळून खत करायचं. या यंत्रणेला कोट्यवधी रुपये लागतात. पण जाळल्यावर उरणाऱ्या राखेत पोटॅश असतं आणि पोटॅश आपण बाहेरच्या देशांतून आणतो. राख विकली गेली की यंत्रणा चालू ठेवायला कारखान्याला स्वतःचं कारण मिळतं. परळीच्या औष्णिक केंद्राच्या राखेचंही तसंच. सिमेंट आणि वीटभट्टीला ती लागते, म्हणून तिला गिऱ्हाईक आहे. मात्र राख विकली गेली म्हणजे प्रदूषण संपलं असं होत नाही. उघड्या हायवा ट्रकमधून रस्त्याकडेच्या घरांवर ती उडत असेल, तर तिथल्या माणसाच्या छातीला विक्रीचा काय उपयोग?

मराठवाड्यात आणखी एक निरीक्षक आहे, दुष्काळ. 2016 च्या उन्हाळ्यात जायकवाडी मृतसाठ्यात होतं, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं जात होतं आणि औरंगाबाद खंडपीठानं मद्य कारखान्यांचं पाणी 60 टक्क्यांपर्यंत कापायला लावलं. सांडपाणी शुद्ध करून कूलिंग टॉवरला फिरवलं, तर तेवढं पाणी धरणातून आणावं लागत नाही. वर्षानुवर्षांच्या नोटिसांनी न पटलेली ही गोष्ट त्या एका उन्हाळ्यानं पटवून दिली.

(दृश्य : जालना, रात्र. भट्ट्यांच्या शेडवर लालसर उजेड, धुराचा थर.)

जालन्यात गोष्ट उलटी फिरते. इथं भंगार वितळवून सळई बनवतात. देशभर जाते ती. इंडक्शन भट्टीतून निघणारा धूर हुडनं ओढून बॅग फिल्टरमधून, म्हणजे धूळ गाळणाऱ्या कापडी पिशव्यांतून, न्यायचा असतो. तो ओढणारा पंखा वीज खातो आणि ईटीपीतल्या जिवाणूंसारखं तिथं काही जिवंत नसतं. बटण बंद केलं की खर्च थांबतो. सकाळी पुन्हा सुरू केलं की मागे खूण राहत नाही. औद्योगिक वसाहतींलगतच्या वस्त्यांतली माणसं रात्रीच्या धुराची तक्रार करतात. सकाळी गच्चीवर काळी पूड बसलेली असते. तुळशीच्या पानावर बोट फिरवलं तरी ती बोटाला लागते. सगळे असं करतात असं आम्ही म्हणणार नाही. पंखा रात्रभर चालवणारे आहेत, आणि शेजारी तो बंद ठेवून टनामागे पैसे वाचवत असेल, तर सर्वांत मोठा अन्याय त्यांच्यावरच होतो.

म्हणून प्रश्न येतो तो कोण बघतं याचा. फेब्रुवारी 2014 मध्ये केंद्रीय मंडळानं 17 प्रकारच्या अतिप्रदूषक उद्योगांना चोवीस तास मोजणारी ऑनलाइन यंत्रं बसवायला सांगितलं. साखर, डिस्टिलरी, औष्णिक वीज, सगळे त्यात आहेत. यंत्र चांगलं, पण सेन्सर कोणत्या पाण्यात बुडवलाय हे बघायला माणूसच लागतो.

तो माणूस कोणाचा, यालाही फार महत्त्व आहे. गुजरातमध्ये कारखान्यांचं पर्यावरण ऑडिट खासगी ऑडिटर करत आणि त्यांचे पैसे कारखानाच देई. संशोधकांनी तिथल्या मंडळाबरोबर एक प्रयोग केला. काही कारखान्यांना ऑडिटर चिठ्ठी टाकून दिले, पैसे सामायिक निधीतून दिले आणि काही नमुने पुन्हा तपासले. 2013 मध्ये निष्कर्ष छापून आले. ऑडिटर खरे आकडे लिहायला लागले आणि त्या कारखान्यांनी प्रदूषणही कमी केलं. कायदा तोच, दंडही तोच. ऑडिटरची भाकरी कोणाच्या हातात, एवढंच बदललं होतं.

(दृश्य : ग्रामपंचायत कार्यालय. टेबलावर कागद.)

कारखान्याच्या आतही माणसं असतात, हे विसरून चालणार नाही. रात्री दोनला ब्लोअरचा पट्टा तुटला म्हणून झोपेतून उठून येणारे ऑपरेटर आहेत, आणि उत्पादन थांबवा असं मॅनेजरला तोंडावर सांगणारे पर्यावरण अधिकारीही. त्यांचं ऐकलं जातं की नाही, हे पुष्कळदा बाहेरचा दाब किती आहे त्यावर ठरतं. गावातून विचारणा होत असेल, तर त्यांच्या बोलण्याला आत वजन येतं.

ही विचारणा कागदाच्या आधारानं करता येते. संमतीपत्र गुप्त नसतं. किती सांडपाणी, ते कुठं जाणार, मर्यादा किती, हे त्यात लिहिलेलं असतं. ईटीपीला वीजमीटर वेगळं असावं, अशी अटही अनेकदा असते. त्या मीटरचे महिन्याचे युनिट आणि उत्पादनाचे टन शेजारी शेजारी मांडले, की यंत्रणा किती तास चालली याचा अंदाज कुणालाही बांधता येतो. मोठ्या प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी मिळाली असेल, तर तिची प्रत ग्रामपंचायतीला द्यावी अशी अट मंजुरीपत्रात असते आणि अटींच्या पालनाचा अहवाल दर सहा महिन्यांनी, 1 जून आणि 1 डिसेंबरला, द्यावा लागतो. मंडळाची संमती लागणारा प्रत्येक कारखाना वर्षाचं पर्यावरण विवरणपत्र, म्हणजे फॉर्म 5, 30 सप्टेंबरपर्यंत मंडळाकडे भरतो. किती पाणी वापरलं, किती प्रदूषण बाहेर गेलं, हे तो त्यात स्वतःच्या सहीनं लिहून देतो. माहिती अधिकारात तो मागता येतो.

30 सप्टेंबर येतो तो बॉयलर पेटण्याच्या थोडा आधी. फॉर्म मागायचा असेल, तर तेव्हाच मागावा. त्यातले आकडे विहिरीच्या पाण्याशी जुळले नाहीत, तर त्यांच्या आधारे मंडळाकडे किंवा हरित लवादाकडे तक्रार करता येते. गाळप भरात असताना आलेल्या अशा तक्रारीकडे दुर्लक्ष करणं कारखान्याला परवडत नाही.