तुमचा सेन्सर खोलीचं तापमान मोजतोय का बोर्डाचं?

नमस्कार मंडळी! मागे मी तो भिंतीवरचा छोटा डबा दाखवला होता ना, तापमान, आर्द्रता आणि खोलीत कुणी आहे का हे सांगणारा, त्याखाली निम्म्या कमेंट एकच, आतला बोर्ड कसा केला ते दाखव. उरलेल्या निम्म्या म्हणजे "माझा सेन्सर चार डिग्री जास्त दाखवतो". तर दोन्हीचं उत्तर आज एकत्रच देतो, आणि खरं सांगू, व्हिडिओ त्या चार डिग्रीचाच आहे.

बेसिक पटकन उरकतो. कीकॅड घ्या, बोर्ड डिझाइन करायचं सॉफ्टवेअर, फुकट आहे. स्कीमॅटिक म्हणजे सर्किटचा नकाशा काढा, फूटप्रिंट म्हणजे पार्ट बसायच्या जागा लावा, ट्रेस म्हणजे तांब्याच्या वाटा ओढा, डीआरसी म्हणजे चुकांची तपासणी चालवा, गर्बर म्हणजे बोर्डाच्या आराखड्याच्या फाइल्स फॅबला, म्हणजे बोर्ड बनवणाऱ्या कंपनीला पाठवा, झालं. तांब्याचे दोन लेयर भरपूर झाले. साइज १०० बाय १०० मिलिमीटरच्या आत ठेवा, बऱ्याच फॅबचा स्वस्तातला दर तिथपर्यंतच असतो. ईएसपी३२-सी३ या वाय-फायवाल्या चिपचं तयार मॉड्यूल लावा, सुटी चिप घेऊन अँटेना जुळवत बसू नका, आणि मॉड्यूलचं अँटेनाचं टोक बोर्डाच्या काठाबाहेर काढा, त्याच्याखाली तांबं नको म्हणजे नको. यूएसबी-सीच्या सीसी१ आणि सीसी२ या पिनांना ५.१ किलोओहमचे दोन वेगळे रेझिस्टर, ते बघूनच चार्जर वीज देतो. दोन! "एकात भागेल ना" असं दर वेळी कुणीतरी लिहितंच. २०१९ला रास्पबेरी पाय ४मध्ये एकातच भागवलं होतं, आणि काही केबलींवर तो चालूच होईना, मग पुढच्या रिव्हिजनमध्ये दुरुस्त करावं लागलं.

आता मुद्द्यावर. हा माझा पहिला बोर्ड, जरा जवळून बघा. सेन्सर मधोमध, व्होल्टेज उतरवणाऱ्या रेग्युलेटरला अगदी खेटून, का तर ट्रेस छोटे आले आणि दिसायलाही छान दिसत होतं. खोलीत २६ डिग्री आणि हा ३० दाखवणार. मी सेन्सरला शिव्या घातल्या, दुसरा मागवला, तोही ३०. मग सहज बोट लावलं तर बोर्डच कोमट! म्हणजे सेन्सर बिचारा खरं बोलत होता, मीच त्याला चुलीशेजारी बसवलं होतं. हिशोब करा ना, ५ व्होल्टचे ३.३ करताना लिनिअर रेग्युलेटर १.७ व्होल्ट नुसते जाळतो, १०० मिलिअँप ओढले की ०.१७ वॉट. ऐकायला किरकोळ वाटतं, पण बंद डब्यात, दिवसभर, आणि वर ईएसपीची स्वतःची उष्णता.

ही उष्णता सेन्सरपर्यंत जाते कशी? तांब्यातून. बोर्डाचं जे मटेरियल आहे, एफआर४, ते उष्णता फारशी वाहू देत नाही, तांबं शेकडो पटींनी जास्त वाहतं. आणि आपण काय करतो, सवयीने दोन्ही बाजूंना ग्राउंड पोअर, म्हणजे तांब्याचा सलग थर, ओततो, म्हणजे रेग्युलेटरपासून सेन्सरपर्यंत सरळ हायवे बांधून देतो. म्हणून सेन्सर एका कोपऱ्यात ढकला, त्याच्या आसपास दोन्ही लेयरवर पोअर काढून टाका, फक्त चार बारीक ट्रेस जाऊ द्या, आणि एज कट्स लेयरवर, म्हणजे बोर्ड कापायच्या रेषा असतात तिथे, त्याच्या भोवती स्लॉट, म्हणजे आरपार चीर, कापा, की तो भाग एका छोट्या जिभेसारखा लटकत राहील. स्लॉट किमान किती रुंद चालतो ते फॅबच्या माहितीत बघून घ्या.

एवढं करून मी दुसरा बोर्ड मागवला, स्लॉट एकदम मस्त, आणि सेन्सर? वरच्या कोपऱ्यात! कारण डब्याच्या जाळ्या वर होत्या. गरम हवा वर जाते हे शाळेत शिकलोय की नाही आपण? कमीत कमी पाच बोर्ड घ्यावे लागतात, त्यामुळे ते चार अजून खणात पडलेत, कुणाला कोस्टर हवे असतील तर सांगा. तर सेन्सर खाली, रेग्युलेटर आणि ईएसपी वर, जाळ्या खालीही आणि वरही, आणि जमलं तर डब्यातच एक पातळ भिंत प्रिंट करा, जी बरोबर स्लॉटवर येऊन बसेल.

आता ती लाडकी कमेंट. "भाऊ, कोडमध्ये चार वजा कर ना, एवढा राडा कशाला." अहो पण ते चार कायम चार असतात का? वाय-फाय जास्त बोललं की पाच, पंखा लावला की दोन, डबा टेबलावर आडवा ठेवला की अजून वेगळंच. आणि आर्द्रतेचं काय? खोलीत २५ डिग्रीला ५० टक्के आहे, सेन्सर २८वर बसलाय, तर तो साधारण ४२ टक्के दाखवणार. हवेतला ओलावा तेवढाच आहे, पण हवा गरम झाली की टक्का उतरतो. तुम्ही तापमानातून तीन वजा केलेत, तो ४२ तसाच राहिला. डीप स्लीप, म्हणजे मधल्या वेळात चिप झोपवणं, लावलं तर बोर्ड बऱ्यापैकी गार राहतो, मान्य, पण माणूस ओळखायला रडार मॉड्यूल लावलंत तर ते सतत करंट खातं, तिथे झोप वगैरे विसरा.

अजून एक, डबा आधी का बोर्ड आधी? डबा आधी ठरवा. बोर्ड १०० टक्के स्केलवर कागदावर प्रिंट करा, कापा, डब्यात ठेवून बघा. एम३ स्क्रूला ३.२ मिलिमीटरचं भोक. माझा यूएसबी पोर्ट डब्याच्या भिंतीपासून दोनच मिलिमीटर आत राहिला होता, तर केबल पूर्ण बसेना, कटरने डबा कोरत बसलो होतो रात्री.

आणि ज्यांचे बोर्ड आधीच येऊन पडलेत त्यांनी लगेच नवीन मागवू नका. सेन्सर काढा, व्हीसीसी, ग्राउंड (या विजेच्या), एसडीए, एससीएल (या डेटाच्या) अशा चार वायरींवर दहाएक सेंटिमीटर डब्याबाहेर लटकवा, अर्धा तास थांबा, आणि आतला आकडा किती होता, बाहेरचा किती आला, दोन्ही कमेंटमध्ये टाका.