रोज : देश नसलेल्या वाहिनीची गोष्ट

[दृश्य : डोंगरउतारावरचं गाव, दगडमातीची घरं, सपाट धाबी. एका धाब्यावर डिश अँटेना.]

साल १९९५. आपल्याकडे केबलवाल्याच्या गच्चीवर मोठी छत्री येऊन तीन-चार वर्षं झाली होती. तिचं तोंड कुठल्या दिशेला आहे, याच्याशी पोलिसांना काही घेणंदेणं नव्हतं.

आग्नेय तुर्कस्तानात मात्र होतं. दियारबाकिरच्या आसपास धाब्यावर छत्री दिसली की ती फुटायची. छत्री विकणाऱ्याला दम मिळायचा, बसवून देणाऱ्याला मिळायचा, चहाच्या दुकानात टीव्ही लावणाऱ्यालाही मिळायचा. काही गावांमध्ये तर ऐन कार्यक्रमाच्या वेळेला वीजच जायची.

कार्यक्रम होता कुर्दी भाषेतला. कुर्दांनी स्वतः चालवलेली ती पहिली उपग्रह वाहिनी. नाव मेड टीव्ही. प्राचीन मीड लोकांना कुर्द आपले पूर्वज मानतात, त्यांच्यावरून ठेवलेलं. परवाना लंडनचा, मुख्य स्टुडिओ बेल्जियममधल्या डेंडरलेऊ या छोट्या गावी, आणि प्रेक्षक इस्तंबूलच्या झोपडपट्टीपासून जर्मनीतल्या कामगार वस्त्यांपर्यंत पसरलेला.

[दृश्य : लोकगायक, हात कानावर ठेवून गातो आहे. नंतर जुन्या स्टुडिओतली वृत्तनिवेदिका.]

कुर्द तुर्कस्तान, इराण, इराक आणि सीरिया अशा चार देशांत विभागलेले. स्वतःचा देश एकही नाही. तुर्कस्तानात १९८३ च्या कायद्यानं त्यांच्या भाषेत काही छापायला, प्रसारित करायलाच बंदी घातली होती. तो कायदा १९९१ मध्ये गेला, पण टीव्हीवर कुर्दी यायला त्यानंतरही बरीच वर्षं लागली. अक्षरांचं प्रकरण तर ऐकावं असं आहे. कुर्दीच्या लिपीत क्यू, डब्ल्यू आणि एक्स ही तीन अक्षरं आहेत, तुर्की लिपीत ती नाहीत. सरकारी कागदावर ती लिहिली म्हणून खटले भरले गेलेत. 'नेवरोझ' या नववर्षाच्या सणाच्या नावात डब्ल्यू घातला की प्रकरण पोलिसांपर्यंत जाऊ शकायचं.

अशा भाषेत बातम्या लागतात. मुलांचे कार्यक्रम लागतात. कथा गाऊन सांगणारे दंगबेज, ज्यांची परंपरा गावोगावी विझत चालली होती, ते पडद्यावर येऊन गातात. कुर्मांजी, सोरानी, झाझाकी या बोली एकाच पडद्यावर एकामागून एक ऐकू येतात. आजीला घरात बसून पहिल्यांदा स्वतःच्या बोलीत बातमी कळते.

इथवरची गोष्ट ऐकली तर छत्र्या फोडणारे खलनायक आणि वाहिनी बिचारी, असं चित्र उभं राहतं. पण याच वाहिनीवर अधूनमधून एक फोन यायचा.

[दृश्य : स्टुडिओतला टेलिफोन. पडद्यावर एका मिशाळ माणसाचं स्थिर छायाचित्र.]

फोनवर असायचा अब्दुल्ला ओजलान. कुर्दिस्तान कामगार पक्षाचा, म्हणजे पीकेकेचा संस्थापक आणि प्रमुख. हा पक्ष १९७८ मध्ये स्थापन झाला आणि ऑगस्ट १९८४ मध्ये त्यानं तुर्की राज्याविरुद्ध बंदूक उचलली. पुढच्या चार दशकांत सुमारे ४० हजार माणसं मेली. त्यात सैनिक होते, गनिमी लढवय्ये होते आणि दोन्हीपैकी काहीच नसलेले लोकही होते. पीकेकेनं गावातल्या शाळेत तुर्की शिकवणारे मास्तर मारले, सरकारची बंदूक घेतलेल्या ग्रामरक्षकांची कुटुंबं मारली. सरकारनं तीन हजारांहून अधिक वाड्या-वस्त्या रिकाम्या केल्या.

डिसेंबर १९९५ मध्ये ओजलाननं एकतर्फी युद्धविराम जाहीर केला, तो मेड टीव्हीवरून. सीरियात बसलेला सेनापती, बेल्जियमचा स्टुडिओ, ब्रिटनचा परवाना. त्याचा आवाज त्याच्या लढवय्यांपर्यंत आणि त्यांच्या आईबापांपर्यंत एकाच वेळी पोचत होता.

भाषेची वाहिनी की बंदुकीची, हा प्रश्न पुढची वीस वर्षं पाच देशांच्या कोर्टांत आणि कचेऱ्यांत फिरला. माझं स्वतःचं उत्तर सुरुवातीलाच सांगून टाकतो : ती दोन्हींची होती. आणि एकाच कार्यक्रमात दोन्हींची होती, म्हणून कात्री कुठे चालवायची हे कुणालाच नीट कळलं नाही.

[दृश्य : लंडन, टेम्सचा किनारा. कागदपत्रं, शिक्के.]

ब्रिटननं आधी काय केलं ते बघू. परवाना देणारं खातं होतं स्वतंत्र दूरचित्रवाणी आयोग. तुर्कस्तानचा त्यांच्यावर सतत दबाव होता. सप्टेंबर १९९६ मध्ये बेल्जियमच्या पोलिसांनी डेंडरलेऊवर छापा घातला, लंडनमध्येही झडत्या झाल्या. संशय होता तो वाहिनीचा पैसा कुठून येतो याचा. वाहिनी मात्र सुरू राहिली.

आयोगानं वाहिनीचे कार्यक्रम बसून पाहिले. एकतर्फी मजकुराबद्दल ताकीद दिली. जानेवारी १९९८ मध्ये ९० हजार पौंडांचा दंड केला. फेब्रुवारी १९९९ मध्ये ओजलान नैरोबीत पकडला गेला, युरोपभर कुर्द रस्त्यावर आले आणि त्या तापलेल्या दिवसांत वाहिनीवरून उघडउघड हिंसेची हाक दिली गेली. मार्चमध्ये आयोगानं प्रसारण थांबवलं, एप्रिलमध्ये परवाना रद्द केला. कुर्दांबद्दल ब्रिटनमध्ये कितीही सहानुभूती असली तरी हिंसेला चिथावण्यासाठी या देशाचा व्यासपीठ म्हणून वापर होऊ देणं लोकहिताचं नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता.

लक्षात घ्या, तोवर पीकेकेवर ब्रिटनमध्ये बंदीच नव्हती. ती २००१ मध्ये आली. म्हणजे आयोगानं वाहिनीच्या मालकाची जात तपासली नाही, पडद्यावर काय बोललं गेलं ते तपासलं. या सगळ्या प्रकरणात मला हाच निवाडा सगळ्यात सरळ वाटतो.

अर्थात, सरळ निवाड्यानंही वाहिनी संपली नाही.

[दृश्य : युरोपचा नकाशा. लंडनवरचा दिवा विझतो, पॅरिसवर लागतो.]

त्याच वर्षी मेडिया टीव्ही सुरू झाली. स्टुडिओ तोच, चेहरे बरेचसे तेच, फक्त सिग्नल फ्रान्समधून वर जाणारा. फ्रान्सनं परवाना नाकारला आणि फेब्रुवारी २००४ मध्ये तीही बंद पडली. महिनाही गेला नाही, तोवर १ मार्चला डेन्मार्कच्या परवान्यावर तिसरी वाहिनी हजर. रोज टीव्ही.

रोज म्हणजे कुर्दीत दिवस, सूर्य. आपल्या मराठीतला 'रोज' फारसीतून आला, तो या शब्दाचा सख्खा भाऊ.

[दृश्य : कोपनहेगन. रिकामं व्यासपीठ, दोन माइक.]

नोव्हेंबर २००५. तुर्कस्तानचे पंतप्रधान एर्दोआन कोपनहेगनमध्ये आलेत. संयुक्त पत्रकार परिषद ठरलेली. समोर बसलेल्यांत रोज टीव्हीचा बातमीदार आहे असं कळतं. त्याला बाहेर काढा, म्हणतात एर्दोआन. डेन्मार्कचे पंतप्रधान अँडर्स फॉग रासमुसेन नकार देतात. एर्दोआन येत नाहीत. रासमुसेन एकटेच उभे राहतात आणि प्रश्न घेतात. महंमद पैगंबरांची व्यंगचित्रं एका डॅनिश दैनिकात छापून आल्याला तेव्हा दीड महिना झाला होता, तेव्हा अभिव्यक्तिस्वातंत्र्य हा शब्द त्या शहरात रोजच्या तोंडचा झाला होता.

डिसेंबरात आग्नेय तुर्कस्तानातल्या ५६ कुर्द महापौर-नगराध्यक्षांनी रासमुसेन यांना पत्र लिहिलं : वाहिनी बंद करू नका. त्यात दियारबाकिरचे महापौर ओस्मान बायदेमिर होते. तुर्कस्तानात त्या पत्रावरूनच खटला उभा राहिला. २००८ मध्ये ५३ जण दोषी ठरले. शिक्षा अडीच महिन्यांची, ती नंतर दंडावर आली. गुन्हा एवढाच की परदेशी पंतप्रधानाला पत्र लिहिलं.

डेन्मार्कच्या प्रसारण मंडळाकडेही तुर्कस्तानच्या तक्रारी गेल्या. मंडळानं कार्यक्रम तपासले आणि द्वेषाला चिथावणी नाही, असं दर वेळी कळवलं. हिंसेची चित्रं दाखवली जातात, ती तिथे हिंसा आहे म्हणून, असा त्यांचा सूर होता.

[दृश्य : अरारात पर्वत, बर्फाच्छादित शिखर.]

जर्मनीची तऱ्हा वेगळी. जून २००८ मध्ये तिथल्या गृहखात्यानं रोज टीव्हीच्या जर्मनीतल्या कामांवर बंदी घातली आणि तिच्यासाठी कार्यक्रम बनवणारी वुपर्टालची कंपनी बंद केली. महिनाभरातच पीकेकेनं अरारात पर्वतावरून तीन जर्मन गिर्यारोहक पळवून नेले. जर्मनीनं कुर्दांविरुद्धचं धोरण सोडावं, ही मागणी. बारा दिवसांनी तिघंही सुखरूप सुटले. वाहिनीचा आणि बंदूकवाल्यांचा संबंध नाही असं म्हणणाऱ्यांची या घटनेनं चांगलीच पंचाईत केली.

बंदीचं प्रकरण युरोपीय संघाच्या न्यायालयात, लक्झेंबर्गला गेलं. २०११ चा निकाल वाचताना थोडं हसू येतं. जर्मनी आपल्या भूमीवर या वाहिनीचे कार्यक्रम बनवणं रोखू शकते, सभागृहात पडदा लावून दाखवणंही रोखू शकते. पण डेन्मार्कहून येणारा सिग्नल अडवू शकत नाही. म्हणजे घरात छत्री लावून बघा, कुणी अडवणार नाही. शेजाऱ्यापाजाऱ्यांना जमवून सभेत बघितलंत तर कायदा आडवा येणार.

[दृश्य : नाटोचे ध्वज. मग डॅनिश न्यायालयाची इमारत.]

आता या गोष्टीतलं सगळ्यात संशयास्पद वळण. एप्रिल २००९, नाटोची शिखर परिषद. सरचिटणीसपदासाठी नाव पुढे आलंय रासमुसेन यांचं, म्हणजे तेच, जे पत्रकार परिषदेत एकटे उभे राहिले होते. तुर्कस्तानचा विरोध. कारणं दोन : व्यंगचित्रं आणि रोज टीव्ही. अमेरिकेचे अध्यक्ष ओबामा मध्ये पडले, विरोध मावळला, रासमुसेन सरचिटणीस झाले. सतरा महिन्यांनी डेन्मार्कच्या सरकारी वकिलांनी रोज टीव्हीवर दहशतवादाला प्रोत्साहन दिल्याचं आरोपपत्र ठेवलं. पुढे बाहेर फुटलेल्या अमेरिकी राजनैतिक संदेशांमध्येही या वाहिनीचं नाव निघालं.

सौदा झाला, असं मी म्हणत नाही. पण चार वर्षं ज्या देशाच्या मंडळाला पडद्यावर काही आक्षेपार्ह सापडत नव्हतं, त्याच देशात अचानक खटला उभा राहतो, तेव्हा कुर्दांनी काय समजायचं?

खटल्याचा पायाही बदलला होता. पडद्यावरच्या मजकुराइतकंच लक्ष आता पैसा आणि आदेश कुठून येतात यावर होतं. जानेवारी २०१२ मध्ये कोपनहेगनच्या न्यायालयानं निकाल दिला : वाहिनीला पैसा पीकेकेचा आहे, मजकुरावर त्यांचा हात आहे, ती त्यांचं प्रचारयंत्र आहे. दोन कंपन्यांना प्रत्येकी २६ लाख क्रोनर दंड. परवाना मात्र तसाच. पण परवाना घेऊन करणार काय? निकालानंतर काही दिवसांतच युटेलसॅट या उपग्रह कंपनीनं सिग्नल काढून घेतला. परवाना हातात आणि आकाश बंद.

वरच्या न्यायालयानं २०१३ मध्ये दंड वाढवून प्रत्येकी ५० लाख केला आणि परवानाही काढून घेतला. वाहिनीचं दिवाळं निघालं. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शिक्कामोर्तब केलं. २०१८ मध्ये स्ट्रासबर्गच्या मानवाधिकार न्यायालयानं तर अर्ज दाखलच करून घेतला नाही. इतरांचे हक्क मोडायला निघालेल्याला अभिव्यक्तीच्या हक्काआड उभं राहता येत नाही, असं त्याचं म्हणणं.

प्रकरण मिटलं म्हणावं, तर जानेवारी २०२० मध्ये बेल्जियमच्या सर्वोच्च न्यायालयानं दुसऱ्या एका खटल्यात वेगळाच निर्णय कायम केला : पीकेके आणि तुर्कस्तान यांच्यातलं प्रकरण हा सशस्त्र संघर्ष आहे, त्याला युद्धाचा कायदा लागतो, दहशतवादाचा नाही. डेंडरलेऊ ज्या देशात आहे, त्याच देशाचं हे न्यायालय.

[दृश्य : अंकाराचा स्टुडिओ. झगझगीत सेट, हसरा निवेदक.]

या सगळ्यात तुर्कस्ताननं एक गोष्ट छत्र्या फोडण्यापेक्षा फार शहाणपणाची केली. १ जानेवारी २००९ ला सरकारनं स्वतःची चोवीस तासांची कुर्दी वाहिनी सुरू केली, टीआरटी ६. उद्घाटनाला एर्दोआन कुर्दीतून बोलले : "टीआरटी शेश बि खेर बे." सहा नंबरचं भलं होवो. शेश म्हणजे सहा, आणि खेर म्हणजे आपल्या 'खैर नाही'मधला खैर. कुर्दीत तो शब्द एक्सनं लिहितात. त्याच अक्षरानं, ज्याच्यासाठी लोकांवर खटले झाले होते.

प्रेक्षक मात्र सगळे तिकडे गेले नाहीत. रोज टीव्हीच्या जागी स्तर्क, नुचे अशा नव्या कुर्दी वाहिन्या आल्या. २०१६ मध्ये युटेलसॅटनं नेवरोझ टीव्ही बंद केली, तर पॅरिसच्या न्यायालयानं ती परत सुरू करायला लावली. नकाशावरचे दिवे विझत राहिले, लागत राहिले.

[दृश्य : मोबाइलच्या पडद्यावर व्हिडिओ. पिकलेल्या केसांचा माणूस खुर्चीत बसलेला.]

मे २०२५ मध्ये पीकेकेनं स्वतःला विसर्जित करत असल्याचं जाहीर केलं. ९ जुलैला एक व्हिडिओ आला. मार्मारा समुद्रातल्या इमराली बेटावरच्या तुरुंगात १९९९ पासून असलेला ओजलान, सव्वीस वर्षांत पहिल्यांदा हलत्या चित्रात दिसला. शस्त्रं ठेवा, असं सांगत होता. दोन दिवसांनी इराकमध्ये सुलेमानियाजवळ काही लढवय्यांनी आपल्या बंदुका एका मोठ्या हंड्यात घालून जाळल्या.

तो व्हिडिओ ना उपग्रहावरून आला, ना कुणाच्या परवान्यावर. मिनिटाभरात लाखो फोनवर पोचला. त्यात तो कुर्दीत बोलत नव्हता. नव्वदच्या दशकात मेड टीव्हीवर फोन करायचा, तेव्हाही तो बहुतेक वेळा ज्या भाषेत बोलायचा, त्याच भाषेत बोलत होता. तुर्कीत.

[दृश्य : पहिलं गाव, तेच धाबं. काळोख.]