आज काय खायचं नाही?

[दृश्य : बेळगाव, खडेबाजार. चहाचं दुकान, गर्दीची वेळ.]

बेळगावात आरोग्याचा सल्ला दोन भाषांत मिळतो. सकाळी मराठी पेपरची पुरवणी म्हणते, रोज चमचाभर तूप खा. दुपारी कन्नड चॅनलवरचे डॉक्टर म्हणतात, तूप बंद करा. संध्याकाळी घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी दही आणि काकडी एकत्र खाल्ल्यावर काय होतं त्याचा व्हिडिओ टाकतं. तोवर दोन्ही खाऊन झालेलं असतं.

कोपऱ्यातल्या बाकावरचे आजोबा बघा. चहा बशीत ओतला, फुंकर मारली, भुरका घेतला. शेजारचा कॉलेजचा पोरगा मात्र जीभ भाजत कपातूनच पितोय.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1991 मध्ये कॉफीवर मूत्राशयाच्या कर्करोगाचा संशय घेतला होता. 2016 मध्ये त्याच संस्थेने तो मागे घेतला, पण सोबत आणखी एक गोष्ट सांगितली. 65 अंश सेल्सिअसपेक्षा जास्त गरम असलेलं कुठलंही पेय अन्ननलिकेच्या कर्करोगाला बहुधा कारणीभूत ठरतं. म्हणजे दोष चहा-कॉफीचा नव्हे, ती किती कढत पितो त्याचा. आता या एकाच अहवालातून 'कॉफी सुटली' असाही मथळा निघतो आणि 'गरम चहाने कॅन्सर' असाही. शिवाय ही संस्था पुरावा किती भक्कम ते सांगते, धोका किती मोठा ते नाही. हा फरक मथळ्यात मावत नाही. आजोबांनी यातलं काही वाचलेलं नाही, पण त्यांचा चहा बशीत निवतोय.

अंड्याचं प्रकरण याहून लांबलं. बलकातल्या कोलेस्टेरॉलपायी अमेरिकन हार्ट असोसिएशनने 1968 मध्ये आठवड्याला तीनपेक्षा जास्त बलक नकोत म्हणून सांगितलं. अमेरिकेच्या 2015 ते 2020 च्या आहार मार्गदर्शिकेने कोलेस्टेरॉलची रोजची 300 मिलिग्रॅमची मर्यादाच काढून टाकली. मधल्या जवळजवळ पन्नास वर्षांत गाड्यावर ऑम्लेट-पाव खाणाऱ्याने करायचं काय होतं? त्याने खाल्लं.

[दृश्य : शहापूर, बेकरी. खारी, बटर, टोस्टच्या बरण्या.]

ज्यावर तज्ज्ञांचं भांडण नाही, त्याची बातमी क्वचितच होते. बेकरीच्या मालात पडणाऱ्या वनस्पती तुपातलं ट्रान्स फॅट, म्हणजे तेल घट्ट करताना तयार होणारी चरबी, हृदयाला वाईट, यावर दुमत नाही. देशात जानेवारी 2022 पासून तेला-तुपात ते 2 टक्क्यांच्या आत ठेवायचा नियम आहे. मिठाचंही तसंच. दिवसाला 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाच्या चमच्याने एक चमचा, आणि त्यात लोणचं, पापड, सांडगी मिरची, संध्याकाळचं फरसाण सगळं आलं. हे वर्षानुवर्षं सांगतायत, पण तूप आणि अंड्यापुढे मिठाकडे कोण बघतंय!

कुंद्याची, म्हणजे दुधाच्या आमच्या बेळगावी मिठाईची, बाजू घेणारा अहवाल मात्र आम्हाला सापडला नाही. शोधला मनापासून.

[दृश्य : येळ्ळूर. स्वयंपाकघर, चूल.]

येळ्ळूर, वडगाव, शहापूरचं शिवार म्हणजे बेळगावी बासमतीचं शिवार. इथल्या माणसाला भात सोड म्हणणं सोपं नाही. पण 2023 हे संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्याचं, म्हणजे जोंधळा-बाजरी-नाचणीचं, वर्ष म्हणून पाळलं आणि 'भात सोडा, भाकरी खा' हे ज्याच्या त्याच्या तोंडी आलं. या घरातल्या काकींना शुगर निघालीय.

"डॉक्टरनी भात बंद म्हणून सांगितलंय. बंद करून काय खाऊ, सांगा की ओ?"

बोलता बोलता त्या कढत पाण्यात जोंधळ्याचं पीठ मळतात, परातीत गोळा थापतात, तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात फिरवतात. भाकरी उलटून निखाऱ्यासमोर उभी केली की टम्म फुगते. मग ताट वाढतात : दीड भाकरी, वर भाताचा ढीग, पातळ आमटी, शेंगाचटणी.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची 2024 ची मार्गदर्शिका या ताटाशेजारी ठेवून बघावी. ती म्हणते, धान्यांतून, भरडधान्यंही त्यातच, दिवसाच्या 45 टक्क्यांपेक्षा जास्त ऊर्जा नको. डाळी-कडधान्यं, अंडी, मांस-मासे यांतून 14 ते 15 टक्के हवी. भात की भाकरी हे भांडण बाहेर रंगलंय, आणि ताटात दोन्ही आहेत. कमी आहे ती आमटीतली डाळ. 'आमटी दाट करा' असा मथळा आम्ही अजून वाचलेला नाही.

दाट करायची तर पैसे हवेत. कर्नाटकात 2013 पासून अन्नभाग्य योजना आहे. तिच्यातून रेशनवर मुख्यतः तांदूळच येतो. घरात फुकट आलेला तांदूळ बाजूला ठेवून विकतचा जोंधळा आणि तूरडाळ आणा, असा डॉक्टरांच्या चिठ्ठीचा अर्थ. चिठ्ठीवर भाव लिहिलेला नसतो.

[दृश्य : किराणा दुकान. जोंधळ्याची पोती, तराजू.]

"मामा, जोंधळा कसा दिला?"

मामा भाव सांगतात. काकी मूठभर दाणे हातावर घेतात, कीड बघतात, दोन दाणे चावून बघतात. पाच किलो सांगून चार घेतात, आणि उरलेल्या पैशांची तूरडाळ.