रिक्षा-नाचाचा अस्सल इतिहास

नमस्कार श्रोतेहो. आजचा विषय तुम्हाला कुठल्या पुस्तकात सापडणार नाही, आणि सापडलाच तर ते पुस्तक दुकानदाराला परत करा. आपल्या ठाण्यात एक जादूचा नाच आहे. लेझीम नव्हे, गौरीचा फेर नव्हे, विसर्जनाला दातात रुमाल धरून करतात ती नागीणही नव्हे. हा नाच भर पावसात, रस्त्याच्या कडेला, एकट्यानं करायचा. नीट जमला तर रिक्षा थांबते. आमच्या तळमजल्यावरचे काका त्याला ‘त्रिचक्र-आवाहन’ म्हणतात. बाकीचे आपले रिक्षा-नाच.

इतिहासही काकांचाच. त्यांच्या म्हणण्यानुसार हा नाच शिलाहारांच्या काळापासून, म्हणजे ठाण्याला श्रीस्थानक म्हणत तेव्हापासून चालत आलाय. मी म्हटलं, पुरावा? तर म्हणाले, शिलाहारांचे इतके ताम्रपट सापडले, एकात तरी या नाचाचा उल्लेख आहे का? नाही ना? मग! एवढी गुप्त विद्या कोण तांब्यावर खोदून ठेवील? 1737 साली मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून ठाण्याचा किल्ला घेतला, तेव्हा म्हणे हा नाच मागे पडला, कारण लोकांकडे घोडे होते. आता त्या किल्ल्यात तुरुंग आहे. तिथल्यांना रिक्षाची घाई नसते.

पुनरुज्जीवन झालं 16 एप्रिल 1853 रोजी. दुपारी तीन पस्तीसला बोरीबंदरहून पहिली गाडी सुटली. साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं, चौदा डबे, चारशेच्या आसपास पाहुणे. आणि हे चारशे जण एकदम ठाण्याला उतरले. गाडीतून उतरलेली गर्दी आणि पुढे जायला वाहन नाही, ही ठाण्याची मूळ अवस्था त्या दिवशी जन्माला आली, असं काका म्हणतात. एवढं मात्र मला पटतं.

आता नाच कसा करायचा ते सांगतो, कागद-पेन्सिल नको, गुडघे हवेत. डावा पाय वर, कारण खाली डबकं. आपलं शहर तलावांचं, पावसाळ्यात तलावांची संख्या वाढते एवढंच. डाव्या हातानं पँट चिमटीत धरून वर ओढायची. उजव्या हातात छत्री, तीच पुढे काढून हलवायची, म्हणजे आपण भिजतो आणि रस्ता कोरडा राहतो. रिक्षा जवळ आली की कमरेतून झुकून पत्ता म्हणायचा, ‘वर्तकनगर, वर्तकनगर’. पुढून मान हलते, ‘गॅस भरायचाय’. मग त्याच एका पायावर गिरकी घ्यायची आणि मागच्या रिक्षाकडे तोंड. ही गिरकी महत्त्वाची. इथेच नवखे पडतात.

घराणीही आहेत बरं का. स्टेशन घराणं द्रुत लयीचं. सॅटिसच्या पुलाखाली कोपरं मारत नाचायचं. घोडबंदर घराणं विलंबित. एक सम यायला चाळीस मिनिटं लागतात.

मी काकांना विचारलं, असलं वेड आणखी कुठे आहे का? ते म्हणाले, स्ट्रासबर्ग, 1518. ही गोष्ट मात्र खरी आहे, मी पडताळून पाहिली. त्या उन्हाळ्यात एक बाई रस्त्यावर नाचायला लागली, मग आणखी माणसं, आणि कुणी थांबेचना. तिथल्या कारभाऱ्यांनी उपाय काय केला? मंच बांधून दिला आणि वाजंत्री बसवली! त्यानं नाच वाढला. काका म्हणतात, नगरपालिका कुठलीही असो.

आणि जादूचं म्हणाल, तर स्किनर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं 1948 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. भुकेली कबुतरं पिंजऱ्यात ठेवली, आणि ती काहीही करोत, ठरावीक वेळानं दाणे आपोआप पुढ्यात यायचे. पण कबुतरांना वाटलं, आपल्यामुळेच येतात. एक गोल गोल फिरायला लागलं, एक सारखं कोपऱ्यात डोकं खुपसायला लागलं. आठातल्या सहा कबुतरांनी आपापला नाच बसवला. मी हे काकांना वाचून दाखवलं. ते एवढंच म्हणाले, ‘म्हणजे कबुतरांनाही येतो.’

आता माझा अनुभव. गेल्या जुलैतली संध्याकाळ, तलावपाळीचा कोपरा, गुडघ्यापर्यंत चिखल. सात रिक्षा गेल्या. म्हटलं, आजूबाजूला ओळखीचं कुणी नाही, करून बघू. डावा पाय वर, छत्री पुढे, पत्ता, गिरकी. श्रोतेहो, आठवी रिक्षा थांबली! कचकन ब्रेक लावून थांबली. रिक्षावाला अर्धा बाहेर वाकला, चेहरा काळजीनं भरलेला.

‘काय हो काका, पेटका आला का पायात? बसा, दवाखान्यात सोडतो.’

मी म्हटलं, ‘नाही नाही, मी ठीक आहे. वर्तकनगरला जायचंय.’

‘तिकडे नाही जाणार,’ तो म्हणाला, आणि गेला.