नावापुढचा पत्ता

नमस्कार, श्रोतेहो.

२०१५ साली हिग्ज बोसॉन या कणाच्या वस्तुमानावर एक शोधनिबंध आला. पानं ३३. त्यातलं शास्त्र ९ पानांत उरकलं. बाकीची २४ पानं म्हणजे लेखकांची आणि त्यांच्या संस्थांची नावं. लेखक ५,१५४! आपल्या लग्नपत्रिकेतले ‘आपले विनीत’ यापुढे अगदीच मोजके वाटावेत.

हे काम जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’मधलं. १९५४ मध्ये, महायुद्धात पोळलेल्या युरोपातल्या बारा देशांनी ही प्रयोगशाळा काढली. तिथल्या, कणांच्या टकरी टिपणाऱ्या ‘सीएमएस’ नावाच्या अजस्र उपकरणाचा एक भाग मुंबईच्या टीआयएफआरने, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेने सांभाळला. दुसऱ्या एका भागासाठी पितळ हवं होतं, ते आलं रशियन नौदलाकडून. दुसऱ्या महायुद्धातल्या तोफगोळ्यांच्या दहा लाखांवर पुंगळ्या वितळवल्या, तेव्हा ते काम झालं.

मग फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला, आणि घोड्यानं पेंड खाल्ली ती या लेखकांच्या यादीत. आकडेमोड झालेली, निष्कर्षांबद्दल वाद नाही. पण रशियन संस्थांची नावं छापायची की नाही? काहींना ती डोळ्यांसमोर नको होती. काही म्हणत, वीस वर्षं शेजारी बसून काम केलेल्या माणसाचं नाव सरकारच्या करणीपायी कसं गाळायचं? मला दोघांचंही पटतं, आणि म्हणूनच तिढा सुटायला जवळजवळ वर्ष गेलं. तोवर निबंध इंटरनेटवर चढत होते, पण लेखकांच्या नावांशिवाय. नियतकालिकांत छपाई अडलेली.

शेवटी तोड निघाली ती थेट सरकारी कचेरीतली वाटावी अशी. माणसाचं नाव राहू द्यायचं, संस्थेचं काढायचं. पत्त्याच्या जागी एवढंच लिहायचं, की हे गृहस्थ सर्नशी सहकार्य करार असलेल्या एका संस्थेत आहेत. कुठल्या देशातल्या, ते विचारायचं नाही. वाचणाऱ्याला कळायचं ते कळत होतंच म्हणा.

पुढे सर्नचा रशियाशी असलेला करारच संपला, ३० नोव्हेंबर २०२४ला. ज्यांना दुसऱ्या देशातल्या संस्थेत जागा मिळाली ते टिकले, बाकीच्यांना निघावं लागलं. तोफगोळ्यांचं पितळ मात्र त्या दिवशीही जमिनीखाली शंभर मीटरवर, जागच्या जागी होतं.

नमस्कार.