पापडावर मोजलेली लाट

[दृश्य: ओव्हनच्या आत पापड, अगदी जवळून]

उडदाचा पापड मायक्रोवेव्ह ओव्हनमध्ये आहे, पण फिरत नाही. फिरणारी काच बाईंनी आधीच काढून ठेवलीय. मधल्या फिरकीवर वाडगा उपडा, त्यावर काचेची ताटली, ताटलीत पापड. लालबागच्या एका मराठी शाळेत नववीचा विज्ञानाचा तास. ओव्हन बाईंच्या घरचा, टॅक्सीतून आणलेला.

वीसेक सेकंद. पापड दोन-तीन जागी फुलतो, पांढरा पडतो. मधला भाग कच्चाच.

[दृश्य: पापडावर पट्टी, मुलांचे हात]

ओव्हनच्या भिंती धातूच्या. सूक्ष्मतरंग, म्हणजे मायक्रोवेव्ह, त्यांच्यावर आपटून मागे फिरतात आणि समोरून येणाऱ्या तरंगांत मिसळतात. कुठे दोघांचा जोर एकवटतो, तिथे पापड भाजतो. कुठे ते एकमेकांना खोडून काढतात, तिथे तो कच्चा राहतो. एरवी ताटली फिरती ठेवतात ती याचसाठी. लगतच्या दोन भाजलेल्या जागांमधलं अंतर म्हणजे साधारण अर्धी तरंगलांबी, एका लाटेच्या लांबीच्या निम्मी.

एका बाकावर साडेपाच सेंटीमीटर, खिडकीपाशी साडेसहा. डाग नेमका कुठून मोजायचा यावर भांडण. ते आम्ही कापलेलं नाही. प्रयोग म्हणजे तेच. शेवटी 6 वर तडजोड होते. म्हणजे तरंगलांबी 12 सेंटीमीटर.

[दृश्य: ओव्हनच्या पाठीवरचं लेबल, मग फळा]

लेबलवर 2450 मेगाहर्ट्झ. सेकंदाला 245 कोटी कंपनं. फळ्यावर गुणाकार, कंपनं गुणिले तरंगलांबी: सेकंदाला 29 कोटी 40 लाख मीटर. पुस्तकात प्रकाशाचा वेग 30 कोटी दिलाय. रेडिओ लहरी असोत की उजेड, निर्वात जागेत सगळ्या विद्युतचुंबकीय तरंगांचा वेग हाच.

भिंतीवर या तरंगांचा रंगीत तक्ता आहे. मुलांना तो पाठही आहे. पण तक्त्याला पट्टी लावता येत नाही.

[दृश्य: ट्रान्झिस्टर आणि पिठाचा स्टीलचा डबा]

आकाशवाणीची अस्मिता वाहिनी, 558 किलोहर्ट्झ. 1927 साली, 23 जुलैला, मुंबईत रेडिओ केंद्र सुरू झालं. तेव्हापासून या शहराच्या हवेत कार्यक्रम आहेत. ही एक लाट अर्ध्या किलोमीटरहून लांब. ट्रान्झिस्टर डब्यात, झाकण घट्ट. निवेदिका गप्प, नुसती खरखर: लाट पत्र्यातून आत येत नाही. झाकण काढलं की वाक्याच्या मधूनच परत सुरू.

"पण बाई, ओव्हनच्या दाराला तर भोकं आहेत!"

हा प्रश्न पुस्तकात नाही. भोकं मिलिमीटरभराची, लाट 12 सेंटीमीटरची. तिच्या लेखी ती जाळी म्हणजे सलग पत्राच. उजेडाची तरंगलांबी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून कमी. तो आरामात बाहेर येतो, म्हणून आतला पापड दिसतो.

अतिनील, क्ष-किरण, गॅमा किरण वर्गात आणायची सोय नाही. त्यांचे उपयोग आणि पेशींना होणारी इजा फळ्यावरच उरकली. परीक्षेला एवढं पुरतं.

[दृश्य: टीव्हीचा रिमोट, मोबाइलच्या पडद्यावर]

जाता जाता अवरक्त किरण. रिमोटचं बटण दाबलं तर डोळ्यांना काहीच दिसत नाही, मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यात मात्र टोकाचा दिवा जांभळट लुकलुकतो. घरी रिमोट रुसला तर आधी हे करून बघा. दिवा लुकलुकला तर सेल बदलण्यात पैसे घालू नका, बिघाड बहुधा टीव्हीकडे आहे.