कबूल करायचं की करवून घ्यायचं?

(दृश्य: विद्यार्थी परिषदेची रिकामी खोली. लांब टेबल, निवलेला चहा.)

निवेदन:

‘कागुया-सामा’ या जपानी अ‍ॅनिमेशन मालिकेतली शुचिइन अकादमी. गर्भश्रीमंतांच्या मुलांची शाळा. या खोलीत रोज समोरासमोर बसतात अध्यक्ष शिरोगाने मियुकी आणि उपाध्यक्ष शिनोमिया कागुया. तो शिष्यवृत्तीवर शिकणारा, घरची ओढाताण असलेला. ती 200 लाख कोटी येनच्या उद्योगसमूहाची लेक. दोघांचं एकमेकांवर प्रेम आहे, दोघांचंही पहिलंच. पण जो आधी बोलेल तो हरला, हा दोघांचा हट्ट. त्यापायी सिनेमाची तिकिटं, डब्यातले सॉसेज, पावसातली एक छत्री, कशाचंही रणांगण होतं. आओयामा युताका यांचा भारदस्त आवाज या फुटकळ गोष्टींचं युद्धवर्णन करतो आणि शेवटी निकाल जाहीर करतो: आज कोण जिंकलं, कोण हरलं. छत्रीसाठी एवढा गंभीर सूत्रधार! निम्मं हसू तिथेच.

(दृश्य: मालिकेचं जपानी नाव पडद्यावर.)

आकासाका आका यांच्या मांगावर, म्हणजे जपानी चित्रकथेवर, ए-वन पिक्चर्सने ही मालिका केली. पहिलं पर्व 2019 चं, दुसरं 2020 चं. तिसरं पर्व 2022 मध्ये आलं आणि जूनअखेरीस एक तासाच्या विशेष भागाने संपलं.

आता नाव नीट ऐका. ‘कागुया-सामा वा कोकुरासेताई’. ‘कोकुरु’ म्हणजे प्रेमाची कबुली देणं. ‘कोकुरासेताई’ म्हणजे ती समोरच्याकडून वदवून घ्यायची इच्छा. आपण मराठीत करणं आणि करवणं असा भेद करतो, तसाच हा प्रयोजक. आणि शेवटाकडच्या प्रकरणांचं नाव काय? ‘कागुया-सामा वा कोकुरिताई’. ‘रासे’ गेलं, ‘रि’ आलं. कागुयाला आता वदवून घ्यायचं नाही, स्वतः बोलायचंय. तीन पर्वांचं भांडण एका प्रत्ययात मिटवलं आहे. भाषांतरात हे बहुतेक वेळा निसटतं, म्हणून इथे थांबलो.

(दृश्य: सांस्कृतिक महोत्सव. कंदील, फुगे, गर्दी.)

महोत्सव दोन दिवसांचा, नाव होशिनसाई. शाळेत एक आख्यायिका चालत आलेली: या दिवसांत हृदयाच्या आकाराची वस्तू दिली, की प्रेम कायमचं टिकतं. शिरोगानेच्या हातात वेळ नाही. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात त्याला प्रवेश मिळालाय आणि तो वर्षभर आधीच जपान सोडणार आहे. महोत्सव संपेपर्यंत कागुया बोलली नाही, तर आपणच बोलायचं, असं त्याने ठरवलंय.

त्याची योजना बघण्यासारखी आहे. सजावटीतला ‘ड्रॅगनचा मणी’ हा भलामोठा गोळा गायब करायचा. मागे रहस्यमय चोराची कार्डं सोडायची. ही कार्डं कशाला? तर परिषदेची सचिव फुजिवारा चिका हिच्यासाठी. आजवर दोघांचा प्रत्येक डाव या मुलीने नकळत उधळलाय. नेमक्या क्षणी दार उघडून आत येणं हा तिचा हातखंडा. यावेळी तिला हेरगिरीच्या नादाला लावून दूर ठेवलंय. मग कागुयाला घड्याळाच्या मनोऱ्यावर न्यायचं. खाली समारोपाची शेकोटी पेटते, वर मणी फुटतो आणि हृदयाच्या आकाराचे फुगे रात्रीच्या हवेत पसरतात. एक वस्तू पुरली असती, याने आकाश भरून टाकलं. शिरोगानेला बेतानं काही करता येत नाही, हे त्याच्या स्वभावाला धरूनच आहे.

दुसरीकडे परिषदेचा खजिनदार इशिगामी. त्याला आख्यायिका माहीतच नाही. तो त्याला आवडणाऱ्या त्सुबामे या मुलीला सहज म्हणून हृदयाच्या आकाराची मोठी कुकी देतो आणि चारचौघांत स्वतःच्या नकळत प्रेमाची कबुली देऊन मोकळा होतो. एकाची एवढी आखणी, दुसऱ्याचं एक बिस्किट.

(दृश्य: जुन्या जपानी चित्रपट्टीवर चंद्र आणि बांबूचं बन.)

मणी ड्रॅगनचाच का, हे कळायला हजारेक वर्षं मागे जावं लागतं. ‘ताकेतोरी मोनोगातारी’ या जपानी कथेत राजकन्या कागुया पाच मागणीदारांना अशक्य वस्तू आणायला धाडते. त्यातला ओतोमो नो मियुकी ड्रॅगनच्या गळ्यातला मणी आणायला निघतो, समुद्रात वादळात सापडतो आणि डोळे आलुबुखारासारखे सुजवून परततो. इसोनोकामी नावाचा दुसरा पाकोळीच्या घरट्यातली कवडी घ्यायला वर चढतो आणि खाली आदळतो. हाती लागते पाकोळीची विष्ठा. आता आपली पात्रं बघा: मियुकी, आणि ‘इसोनोकामी’ ज्या चिन्हांनी लिहितात त्यातूनच आलेला इशिगामी. त्सुबामे म्हणजे पाकोळी. तिचं आडनाव कोयासु. ‘कोयासुगाई’ म्हणजे कवडी. जुन्या मियुकीला न मिळालेला मणी या मियुकीने मिळवला.

दुसऱ्या पर्वात चांदण्या रात्री शिरोगाने म्हणाला होता की त्या कथेचा शेवट, राजकन्येचं चंद्रावर परत जाणं, त्याला आवडत नाही. आपण कागुयाला चंद्रावर जाऊच दिलं नसतं. आता दूर जाणारा तोच आहे. म्हणून मनोऱ्यावर तो प्रेमाची वाक्यं म्हणत नाही, तिलाही स्टॅनफर्डला यायला सांगतो. ती हो म्हणते आणि त्याचं चुंबन घेते.

(दृश्य: फुगे, शेकोटी, दोन सावल्या.)

इतक्या भव्य प्रसंगावर मालिका लगेच पाणी ओतते, तेही बरंच झालं. चुंबनाबद्दल कागुयाला जे ठाऊक आहे, ते तिची सेविका हायासाकाने शिकवलेलं. त्यामुळे पहिल्याच चुंबनात ती थेट जीभ वापरते, आणि शिरोगाने, जगातला सर्वांत तयारीचा मुलगा, गोठून जातो. या एका गोष्टीची तयारी त्याने केलेली नव्हती.

विनोदी प्रेमकथेत कबुलीचा प्रसंग धोक्याचा असतो. दोघं बोलून मोकळे झाले, की लपवाछपवी संपते आणि तिच्यावर उभा असलेला विनोदही. इथे लेखकाने वाट काढली आहे. फुगे उडाले, परदेशाचं ठरलं, चुंबन झालं, पण ‘सुकी’, म्हणजे ‘तू मला आवडतेस’, हा साधा शब्द दोघांपैकी कोणीच उच्चारला नाही. त्या शब्दासाठी 17 डिसेंबर 2022 ला एक चित्रपट काढावा लागला.